जिनिव्हाच्या आड लपू नका

कापसाचा भाव पडला की दिल्लीकडून ठरलेलं उत्तर येतं: जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांनी आमचे हात बांधले आहेत. सरकार कोणत्याही पक्षाचं असो, उत्तर तेच. नागपूरच्या नंदनवन भागात राहणाऱ्या आमच्यासारख्या अनेकांचं घर शहरात असलं, तरी सातबारा उमरेडकडे नाहीतर हिंगणघाटकडे आहे. हे उत्तर ऐकून आमचे कान किटले आहेत. ते अर्धसत्य आहे, आणि अर्धसत्यावर शेतकऱ्याचं घर चालत नाही.

आधी त्यातला खरा भाग. १९९५ साली जिनिव्हात सुरू झालेल्या या संघटनेचे आज १६६ सदस्य आहेत. निर्णय सर्वसहमतीने होतात, त्यामुळे एक बडा देश अडून बसला की गाडं रुततं. अमेरिकेने नेमणुका रोखल्या आणि डिसेंबर २०१९ पासून तिथलं अपिलाचं न्यायपीठ बंद पडलं. खालच्या निकालावर हरलेला देश अपील करतो आणि प्रकरण तसंच लोंबकळत राहतं. म्हणजे कायदा आहे, शेवटचा न्यायाधीश नाही. अशा कायद्याचा धाक फक्त दुबळ्यालाच वाटतो.

कापसाच्या बाबतीत तर हा अन्याय उघडा आहे. अमेरिकेच्या कापूस अनुदानांवरच्या खटल्याला उत्तर म्हणून तिथल्या २०१४ च्या शेती कायद्याने कापूस मुख्य अनुदान योजनांतून काढला. फेब्रुवारी २०१८ मध्ये तोच कापूस 'सीड कॉटन' या नावाने परत आत घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने जिनिव्हात भारताविरुद्ध कागद ठेवला: भारत कापसाला उत्पादनमूल्याच्या ५३ ते ८१ टक्के आधार देतो, मर्यादा मात्र १० टक्क्यांची आहे. हा आकडा आला कुठून? तुलनेसाठी १९८६ ते ८८ च्या किमती धरल्या आणि सरकारने प्रत्यक्ष किती कापूस घेतला हे न बघता देशातलं सगळं उत्पादन हिशेबात ओढलं.

त्या हिशेबातली सरकारी खरेदी खरेदी केंद्रावर जाऊन बघा. ग्रेडर कापसात मीटर खुपसतो. ओलावा ८ टक्क्यांवर गेला की भाव कापला जातो. १२ टक्क्यांवर गेला तर गाडी परत. परत आलेला माल खेडा खरेदीत व्यापारी म्हणेल त्या भावाने जातो. हमीभावाचा रुपयाही न पाहिलेला हा कापूस अमेरिकेच्या वहीत मात्र सरकारी आधार मिळालेला म्हणून नोंदला जातो. ही सरळ लबाडी आहे.

आता दिल्ली लपवते तो भाग. याच संघटनेत ब्राझील २००२ साली अमेरिकेच्या कापूस अनुदानांविरुद्ध उभा राहिला. २००५ मध्ये अपिलातही जिंकला. अमेरिका बधेना, तेव्हा प्रतिशुल्क लावण्याची परवानगी मिळवली आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर घेऊनच प्रकरण मिटवलं. त्या खटल्यात भारत होता, पण त्रयस्थ पक्ष म्हणून. बेनिन आणि चाडसारखे गरीब देशही त्याच रांगेत होते. जगात सर्वाधिक क्षेत्रावर कापूस पेरणाऱ्या देशाने स्वतःच्या नावाने खटला गुदरायला हवा होता. तेव्हा अपिलाचं न्यायपीठ शाबूत होतं. ती संधी आपण घालवली.

आणि आयातीचं काय? संघटनेच्या नियमांनी कापसावर ११ टक्क्यांपेक्षा कितीतरी जास्त शुल्क लावायची आपल्याला मुभा आहे. तरीही २००८ पासून २०२१ च्या अर्थसंकल्पापर्यंत कापूस बिनशुल्क येत राहिला. मग लावलेलं ११ टक्के शुल्क २०२२ मध्ये काही महिने काढलं आणि १९ ऑगस्ट २०२५ ला पुन्हा काढलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, नंतर ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमका आमच्या वेचणीचा हंगाम. लांब धाग्याला ८,११० रुपये हमीभाव जाहीर करायचा आणि त्याच मोसमात परदेशी गाठींना दार उघडायचं, हा हुकूम जिनिव्हाने दिला नव्हता. तो दिल्लीत निघाला, गिरण्यांच्या सोयीसाठी. गिरण्यांना कापूस स्वस्त हवा असेल तर सरकारने तिजोरीतून मदत करावी. शेतकऱ्याच्या खिशातून का?

म्हणून मागण्या साफ आहेत. ऑक्टोबर ते मार्च आयात शुल्काला हात लावू नका. खरेदी केंद्रं दसऱ्याआधी उघडा आणि चुकारे आठवड्यात द्या. १९८६ ची किंमत बदलल्याशिवाय शेतीच्या कोणत्याही नव्या करारावर सही करू नका. यातल्या पहिल्या दोन गोष्टींना जिनिव्हाची परवानगी लागत नाही. त्या न करता जो मंत्री संघटनेकडे बोट दाखवेल, त्याला हिवाळी अधिवेशनात नागपुरातच जाब विचारला पाहिजे, मग तो आमच्या मताचा असो वा विरोधी.