धुऊन न जाणारा रोग

अंगावरून पांढरं जातं, वास येतो, असं बाईने दबक्या आवाजात सांगितलं की समोरून ठरलेला उपदेश येतो: ‘स्वच्छता ठेवत जा.’ सासूही हेच म्हणते आणि योनीमार्ग धुण्याच्या सुगंधी बाटल्यांची जाहिरातही हेच सांगते. हा पूर्वपक्ष मला मान्य नाही.

योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू राहतात. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्यामुळे आतला सामू साधारण ४.५च्या खाली राहतो. हे राखणदार कमी झाले की गार्डनेरेला आणि इतर जिवाणू माजतात, सामू चढतो, पातळ करडा-पांढरा स्राव आणि मासळीसारखा वास येतो. याचं नाव बॅक्टेरियल व्हजायनोसिस. आतून पाण्याने, साबणाने, डेटॉलने धुणाऱ्या बाईचे हे राखणदारच वाहून जातात. म्हणजे तिला दिलेला सल्लाच रोगाला वाट करून देतो!

‘हाडं झिजून पांढरं जातं’ ही समजूत तर दोन ओळींच्याही लायकीची नाही. हाडांचा इथे काहीच संबंध नाही. शिवाय थोडा, बिनवासाचा स्राव हा रोगच नव्हे.

मेडिकलमधून खाजेची क्रीम आणून भागवणं हाही भ्रमच. ती बुरशीवर चालते, या जिवाणूंवर नाही. निदान मात्र अवघड नाही: सामूची पट्टी, काचपट्टीवर स्रावाचा थेंब आणि सूक्ष्मदर्शक. उपचार बहुधा मेट्रोनिडॅझोल, सात दिवस. अडचण तपासण्याची नसून तपासून घेण्याची आहे. गडचिरोलीच्या दोन गावांत डॉ. राणी बंग यांनी ६५० स्त्रिया तपासल्या; १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते आणि त्याआधी अशी तपासणी जेमतेम ८ टक्के जणींची झाली होती.

अंगावर काढलेला हा आजार गरोदरपणात अकाली प्रसूतीचा धोका वाढवतो, एचआयव्हीचाही.

‘गोळ्या घेतल्या तरी पुन्हा होतोच ना?’ होतो, खरं आहे. पण दर वेळी दोष बाईचाच का? २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत एकनिष्ठ जोडप्यांतल्या पुरुषालाही गोळ्या आणि लावायचं मलम दिलं. बारा आठवड्यांत आजार उलटण्याचं प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३५वर आलं. आपल्याकडे केसपेपरवर नाव अजून तिचं एकटीचंच. नवरा बाहेर बाकावर मोबाइल बघत बसलेला असतो.