अठराव्या वर्षी संपणारी जबाबदारी

संसदेचे २०१६ चे हिवाळी अधिवेशन म्हटले, की नोटाबंदीवरील गदारोळ आणि ठप्प झालेले कामकाज डोळ्यांपुढे येते. त्या गदारोळात एक अपवाद घडला. १४ डिसेंबरला राज्यसभेने आणि १६ डिसेंबरला, अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी, लोकसभेने दिव्यांग व्यक्ती हक्क विधेयक संमत केले. १९९५ च्या कायद्यातील अपंगत्वाचे सात प्रकार एकवीस झाले; उच्च शिक्षणातील राखीव जागा तीनवरून पाच टक्क्यांवर गेल्या. मथळे या आकड्यांनी सजले. परंतु ज्या विधेयकावर सर्वांचे एकमत असते, त्यातील क्रियापदे तपासण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. या कायद्याने महाविद्यालयीन विद्यार्थ्याला नेमके काय दिले, हे मात्र त्या क्रियापदांतच दडले आहे.

कलम ३१ म्हणते, की लक्षणीय अपंगत्व, म्हणजे किमान ४० टक्के, असलेल्या प्रत्येक मुलाला वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षण मिळेल याची शासन 'खातरजमा करील'. कलम १७ नुसार पुस्तके, शैक्षणिक साहित्य व साहाय्यक उपकरणेही विनामूल्य द्यावयाची आहेत. पण तीही अठराव्या वर्षापर्यंतच. कलम १६ समावेशक शिक्षणाविषयी आहे. तेथे शासन 'प्रयत्नशील राहील' असे शब्द येतात आणि उल्लेख 'मुलांचा' आहे. कलम ३२ राखीव जागा व वयोमर्यादेत पाच वर्षांची सवलत देते. पण केवळ शासकीय व अनुदानित संस्थांत. थोडक्यात, विद्यार्थी महाविद्यालयाची पायरी चढतो त्याच वयात शासनाच्या निश्चित जबाबदाऱ्या संपतात. त्याच्या हाती उरते ती जागा. त्या जागेवर बसून शिकायचे कसे, हे ज्याचे त्याने पाहावयाचे.

मराठवाड्यातील अंध मुलांच्या शाळेतून दिल्ली विद्यापीठात आलेल्या विद्यार्थ्याचा विचार करावा. आजवर त्याने मराठी ब्रेलमध्ये वाचलेले असते. येथे वाचनयादी इंग्रजीत, निम्मी पुस्तके स्कॅन केलेल्या छायाप्रतींच्या रूपात; पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी संगणकप्रणाली अशा प्रतींपुढे मुकी होते. परीक्षेसाठी लेखनिक हवा, तर अनोळखी शहरात तो शोधायचा कोठे? कर्णबधिर विद्यार्थ्याची अडचण याहून बिकट. त्याला आरक्षणातून प्रवेश मिळतो. परंतु वर्गात सांकेतिक भाषेचा दुभाषी नसेल, तर तीन वर्षे शिक्षकांच्या ओठांकडे पाहत काढावी लागतात.

काहीच झालेले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. दिल्ली विद्यापीठात समान संधी कक्ष व ब्रेल ग्रंथालय आहे. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या ग्रंथालयात हेलन केलर कक्ष आहे. पण ही बेटे आहेत. मोठ्या केंद्रीय विद्यापीठाला जे जमते, ते जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाला जमत नाही. तेथे 'कक्ष' म्हणजे बहुधा एका प्राध्यापकावर सोपविलेला अतिरिक्त कार्यभार असतो. स्वतंत्र पद नाही, स्वतंत्र लेखाशीर्ष नाही, आणि काम न झाल्यास उत्तर मागणारेही कोणी नाही.

परिणाम आकड्यांत दिसतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या, लोकसंख्येच्या २.२१ टक्के. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या अखिल भारतीय सर्वेक्षणात एकूण विद्यार्थिसंख्या ४ कोटी ३३ लाखांच्या घरात होती. त्यांत दिव्यांग विद्यार्थी नव्वद हजारांच्या आसपास, म्हणजे एक टक्क्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी. शासकीय व अनुदानित संस्थांत पाच टक्के जागा राखीव असूनही एकूण प्रमाण इतके कमी राहते. या दरीचे कारण केवळ शालेय गळतीत शोधून भागणार नाही.

संसदेने जे मोघम ठेवले, ते न्यायालयाला स्पष्ट करावे लागत आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नागरी सेवा परीक्षेच्या एका उमेदवाराला लेखनिक देण्याचा आदेश दिला आणि ४० टक्क्यांची अट आरक्षणासाठी असली, तरी वाजवी सोयीसाठी ती लावता येणार नाही, असे बजावले. ८ नोव्हेंबर २०२४ चा राजीव रतुरी प्रकरणातील निकाल तर थेट क्रियापदांविषयीच आहे. मूळ कायदा सुगम्यता बंधनकारक करतो. शासनाने २०१७ मध्ये केलेल्या नियमांपैकी नियम १५ मात्र तिला शिफारशीच्या पातळीवर आणतो. हा नियम न्यायालयाने कायद्याशी विसंगत ठरविला आणि किमान बंधनकारक मानके तीन महिन्यांत निश्चित करण्यास सांगितले. विद्यमान सार्वजनिक इमारती सुगम्य करण्याची पाच वर्षांची मुदत जून २०२२ मध्येच संपली होती, आणि कायद्याच्या व्याख्येत शिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या खासगी इमारतीही येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांसाठी सुगम्यतेची तत्त्वे व मानके प्रसिद्ध केली, तीही मार्गदर्शकच.

शासनाची बाजू पैशाची आहे, आणि ती अगदीच पोकळ नाही. जुन्या इमारतीत उद्वाहन बसविणे खर्चिक असते. कायद्यानेही वाजवी सोयीला 'अवाजवी भार' पडू नये अशी मर्यादा घातली आहे. परंतु प्रत्येक सुधारणेला तिजोरी लागत नाही. २०१२ च्या स्वामित्वहक्क दुरुस्तीने दिव्यांगांसाठी पुस्तकांचे सुलभ स्वरूपात रूपांतर करण्याची मुभा दिली. २०१४ मध्ये मराकेश करारास अनुसमर्थन देणारा भारत पहिला देश ठरला आणि २०१६ मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. म्हणजे कायदेशीर अडसर दूर झाला आहे. विद्यापीठाने वाचनयादी सत्रारंभापूर्वी सुलभ स्वरूपात देणे, लेखनिकांची यादी स्वतः ठेवणे, जिन्यावरचा वर्ग तळमजल्यावर आणणे, यांसाठी नवे भवन लागत नाही. लागतो तो आदेश, आणि त्याच्या पालनाचा हिशेब मागणारा अधिकारी.

म्हणूनच यापुढील मागणी आणखी टक्केवारीची नसावी. कलम १७ मधील अठरा वर्षांची मर्यादा पहिली पदवी मिळेपर्यंत वाढविणे, साहाय्य कक्षासाठी पद व लेखाशीर्ष निश्चित करणे, आणि मान्यताप्राप्त खासगी महाविद्यालयांवरही तेच दायित्व टाकणे, एवढी दुरुस्ती पुरेशी आहे. २०१६ मध्ये एकमत झाले होते. ते पुन्हा होण्यास अडचण नसावी. तोवर बरेच काही दिल्लीतील कार्यालयांत टिपणे लिहिणाऱ्यांच्या हाती राहील. त्यांत आपल्या वाचकांपैकीही अनेक जण आहेत. 'शक्यतो' आणि 'यथावकाश' हे शब्द टिपणात सहज उतरतात. त्यांच्या जागी तारीख लिहिली गेली, तर एखाद्या विद्यार्थ्याचे सत्र वाया जाणार नाही.