मैदान राहिले, संघ गेले

पुण्याचा चांदणी चौक ओलांडून पौडच्या रस्त्याला लागले की प्रथम भूगाव येते आणि त्यापाठोपाठ भुकूम. मुळशी तालुक्याचा हा पट्टा कुस्तीसाठी ओळखला जातो. डिसेंबर २०१७ मध्ये ‘महाराष्ट्र केसरी’ची स्पर्धा भूगावलाच भरली होती. आता या रस्त्याच्या दुतर्फा गृहसंकुले उभी राहिली आहेत, नव्या शाळा आल्या आहेत आणि लाल मातीशी संबंध नसलेल्या अनेक मुलांना फुटबॉलचे वेड लागले आहे. भुकूमच्या अशा एखाद्या चौदा वर्षांच्या मुलाने घरी येऊन आपल्याला फुटबॉलपटूच व्हायचे आहे, आघाडीवर खेळायचे आहे, असे सांगितले, तर शिक्षकी किंवा कारकुनी करणाऱ्या त्याच्या वडिलांनी त्यास काय उत्तर द्यावे? प्रश्न घरगुती दिसतो; परंतु त्याचे उत्तर घरात सापडणारे नाही.

ते शोधताना एका डच खेळाडूची कारकीर्द उपयोगी पडेल, कारण ती काही काळ पुण्यातून गेली आहे. रिगा मुस्तफा हा आता निवृत्त झालेला आघाडीचा खेळाडू. जन्म १९८१ साली घानाची राजधानी अक्रा येथे; फुटबॉलचे शिक्षण आणि नागरिकत्व हॉलंडचे. आर्नहेमच्या व्हिटेस संघातून तो व्यावसायिक खेळात आला, पुढे रॉटरडॅमच्या स्पार्टाकडून खेळला. २००५ मध्ये तो स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहराच्या लेव्हान्टे संघात गेला आणि २००८ मध्ये इंग्लंडच्या बोल्टन वाँडरर्समध्ये. २०१३-१४ च्या हंगामात तो पुणे फुटबॉल क्लबच्या वतीने बालेवाडीच्या मैदानावर उतरला. त्या संघाचे प्रशिक्षक माइक स्नुई हेही डचच, आणि त्या काळात भारताच्या राष्ट्रीय संघाची धुरा विम कूव्हरमन्स या तिसऱ्या डच गृहस्थांकडे होती.

रिगा हा काही जगज्जेत्यांच्या पंक्तीतला खेळाडू नव्हे. किंबहुना म्हणूनच त्याचे उदाहरण बोलके आहे. फुटबॉलचा व्यवसाय मोजक्या तारांगणावर चालत नाही. तो अशा शेकडो कुशल, कष्टाळू आणि फिरत्या माणसांवर चालतो. सरकारी नोकराची जशी बदली होते, तशीच या खेळाडूंची होत असते. फरक एवढाच, की त्यांच्या बदलीला निवृत्तिवेतनाचा आधार नसतो आणि सेवाकाल पस्तिशीच्या आसपास संपतो. गुडघा दुखावला तर त्याहूनही आधी. अशा माणसाला स्थैर्य देणारी एकच गोष्ट असते. ती म्हणजे ज्या संघाकडून तो खेळतो तो संघ उद्याही असेल याची खात्री.

आता एक विलक्षण गोष्ट पाहा. रिगा ज्या संघांतून खेळला त्यांपैकी तीन संघांवर दिवाळखोरीची छाया पडली. २००८ मध्ये तो लेव्हान्टेत असतानाच खेळाडूंचे वेतन थकले आणि त्यांनी संपाचा इशारा दिला. संघ खालच्या श्रेणीत घसरला, कर्जामुळे न्यायालयीन देखरेखीखाली गेला. परंतु दोनच वर्षांत, २०१० मध्ये, तो पुन्हा स्पेनच्या सर्वोच्च श्रेणीत दाखल झाला. बोल्टनवर हीच वेळ २०१९ मध्ये आली. थकलेल्या पगारासाठी खेळाडूंनी सामना खेळण्यास नकार दिला, संघ प्रशासकाच्या हाती गेला आणि अगदी अखेरच्या घटकेस नवे मालक मिळाल्याने तो वाचला. व्हिटेसचे गुण २०२४ मध्ये परवान्याच्या अटी मोडल्याबद्दल कापले गेले व तो खाली उतरला. २०२५ मध्ये त्याचा परवानाच रद्द झाला, तेव्हा न्यायालयात दाद मागून त्याने तो परत मिळविला. लेव्हान्टेची स्थापना १९०९ ची, व्हिटेसची १८९२ ची आणि बोल्टनची १८७४ ची. तिघेही बुडता बुडता तरले.

पुणे फुटबॉल क्लब मात्र तरला नाही. अशोक पिरामल उद्योगसमूहाने २००७ मध्ये तो उभारला. २००९-१० मध्ये देशाच्या आय-लीगमध्ये तो तिसरा आला, २०१२-१३ मध्ये दुसरा. मैदानावर त्याने काही गमावले होते असे नाही. तरीही २०१५ मध्ये त्याचा मुख्य संघ बंद झाला. त्याच वर्षी कल्याणी समूहाचा भारत एफ.सी. अवघा एक हंगाम खेळून मिटला. डीएसके शिवाजियन्सने २०१७ मध्ये आय-लीग सोडली. फ्रान्सचा विश्वविजेता डेव्हिड त्रेझेगे ज्याच्याकडून खेळला, जो २०१७-१८ मध्ये इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला, तो एफ.सी. पुणे सिटी २०१९ मध्ये विसर्जित झाला आणि त्याची जागा हैदराबादकडे गेली. ज्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस बोल्टन वाचत होते, त्याच सुमारास पुण्याची जागा हैदराबादला जात होती. चार वर्षांत चार संघ! मुंबईचा अनुभव निराळा नाही. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड २०१० मध्येच बंद झाला होता.

याचे नेहमीचे स्पष्टीकरण असे, की महाराष्ट्र क्रिकेटवेडा. फुटबॉलला प्रेक्षक नाहीत, म्हणून पैसा नाही. हे अर्धसत्य होय. पैसा लेव्हान्टेकडेही नव्हता आणि बोल्टनकडेही नव्हता. तोटा हेच मृत्यूचे कारण असते, तर युरोपातील निम्मे संघ कधीच इतिहासजमा झाले असते. खरा भेद निराळा आहे. तेथेही मालक बहुधा धनिक व्यापारीच असतात. परंतु मालकाभोवती आणखी एक वर्तुळ असते. शहराच्या नावाशी जोडलेला शतकाचा जिव्हाळा, वर्गणी भरणारे समर्थक, नियम मोडणाऱ्याला दंड करणारी संघटना आणि दाद मागता येईल असे न्यायालय यांचे ते वर्तुळ. मालक गेला तरी ते मागे राहते. इंग्लंडमधील बरी या संघाची २०१९ मध्ये लीगमधून हकालपट्टी झाली, तेव्हा समर्थकांनी नवा संघ काढला आणि २०२३ मध्ये जुन्या मैदानावर जुन्याच नावाने खेळ सुरू केला. पुण्यातील संघ मात्र कंपनीच्या एखाद्या विभागासारखे होते. विभाग बंद करण्याचा निर्णय झाला, हिशेब मिटला आणि मागे वर्तुळ नव्हतेच.

यात उद्योगपतींना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. ते न्याय्य मात्र नाही. कोणत्याही व्यापाऱ्याने अनंत काळ तोटा सोसावा अशी अपेक्षा कोण करील? ज्यांनी आठ वर्षे संघ चालविला, मुलांसाठी प्रशिक्षण केंद्र काढले, त्यांनी शहराला काही दिलेच. प्रश्न असा आहे, की शहराने त्या संघांना आपले असे काय मानले? बालेवाडीचे क्रीडासंकुल लोकांच्या पैशाने उभे राहिले. ते आजही उभे आहे. पण त्यावर खेळणारा संघ लोकांचा झाला नाही.

हॉलंडची लोकसंख्या सुमारे १ कोटी ८० लाख, म्हणजे महाराष्ट्राच्या काही अंशानेच. त्या देशाच्या फुटबॉल संघटनेची नोंदणीकृत सदस्यसंख्या १२ लाखांच्या आसपास आहे. तेथील छोट्या गावांतही सभासदांच्या वर्गणीवर चालणारा संघ असतो. मैदान बहुधा नगरपालिकेचे, शिकविणारे आणि उपाहारगृह सांभाळणारे हात बहुतांशी पालकांचे. व्यावसायिक फुटबॉल हा त्या देशात १९५४ मध्ये आला. गावोगावचे संघ त्याच्या कितीतरी आधीचे. आधी पाया आणि मग कळस, असा तो क्रम आहे. पुण्याने कळस विकत आणला आणि पाया नंतर बघू म्हटले.

वास्तविक पाहता ही कल्पना मुळशीला परकी नाही. तालीम ही कोणा कंपनीची नसते, गावाची असते. वस्ताद फुकट किंवा अल्प मोबदल्यात शिकवितो, जत्रेच्या फडात गावकरी वर्गणीतून इनाम लावतात, पैलवानाच्या खुराकाला कोणी ना कोणी हातभार लावतो. तालमीचे सारेच गोड आहे असे नव्हे. उतारवयात हलाखीत दिवस काढणारे मल्लही महाराष्ट्राने पाहिले आहेत. पण एखादा आश्रयदाता हरपला म्हणून गावची तालीम दुसऱ्या राज्यात गेली, असे घडत नाही.

तेव्हा करण्याजोगे काय आहे? शाळांची मैदाने सुटीनंतर कुलूपबंद न ठेवता गावच्या संघांना खुली करावीत. जिल्हा संघटनेच्या साखळी सामन्यांत शहराबाहेरच्या तालुक्यांनाही स्थान मिळावे. व्यावसायिक संघाला परवाना देताना खेळाडूंच्या किमान दोन वर्षांच्या वेतनाएवढी अनामत घ्यावी आणि संघाच्या कारभारात सभासदांचा प्रतिनिधी असावा. २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचा हंगाम ठरल्या वेळी सुरू झाला नाही, तेव्हा काही संघांनी खेळाडूंचे वेतनच थांबविले. त्या खेळाडूंच्या मागेही घरे होती, हप्ते होते. अनामतीची मागणी अवास्तव वाटणाऱ्यांनी तेवढे लक्षात घ्यावे.

भुकूमच्या त्या वडिलांना आज प्रामाणिकपणे एवढेच सांगता येईल : खेळ, पण पदवी सोडू नकोस, जमल्यास खेळाडूंसाठी राखीव असलेल्या पाच टक्के सरकारी जागांवर लक्ष ठेव. हे उत्तर शहाणपणाचे आहे. परंतु ज्या समाजात बापाला एवढेच उत्तर देता येते, त्या समाजाने आपल्याकडे आघाडीचे खेळाडू का निपजत नाहीत, असे विचारू नये. रिगाचा पुण्याचा हंगाम संपला. तसा प्रत्येक खेळाडूचा संपतोच. खेळाडूने जावे, हा खेळाचा नियम आहे. त्याच्यामागे संघानेही जावे, हा नियम नव्हे.