पाहुण्यांच्या खोलीइतकी तरी हवा

ताई,

पत्रात तुमचं नाव घालत नाही. गणपतीपुळ्यात पाळणाघरं ती किती, ओळखणारे ओळखतील. ज्यांना ओळखता येणार नाही, त्यांनी आपलं मूल जिथे ठेवतो तिथे एकदा दुपारच्या वेळी, न सांगता, आत जाऊन उभं राहावं.

‘‘एवढी स्वच्छता सोसत नसेल तर मुलीला घरी ठेवा,’’ असं तुम्ही मला फाटकात म्हणालात. बाकीच्या आया मुलांना घ्यायला आल्या होत्या, त्या ऐकत होत्या. वर म्हणालात, ‘‘तुमच्याच घरात ओल असेल.’’ हे दुसरं जास्त लागलं. ओल कोणाच्या घरात नाही हो? आषाढ-श्रावणात इथे उशीसुद्धा दमट लागते. ओलीने आणि बुरशीने मुलांना खोकला होतो, हेही खरं. पण मी काय म्हटलं होतं? मुलं आत असताना फिनेलने फरशी पुसू नका आणि खेळण्यांवर तो जंतुनाशकाचा फवारा मारू नका. त्यावर माझं घर कशाला काढलंत?

मी लॉजवर हाउसकीपिंग बघते, तुम्हाला ठाऊक आहे. फिनेल, ॲसिड, ब्लीचिंग पावडर यांच्यातच माझा दिवस जातो. नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी सांगते की ॲसिड टाकलेल्या संडासात ब्लीचिंग पावडर टाकायची नाही. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन सुटतो, 1915 साली ईप्रच्या लढाईत जर्मनांनी सैनिकांवर सोडला होता तोच वायू. (महायुद्ध ऐकून मुली हसतात, पण डबे वेगळे ठेवतात.) फिनेल मापाने घ्यायचं, खिडक्या सताड उघडायच्या, पंखा लावायचा आणि वास गेल्याशिवाय खोली द्यायची नाही. अंगारकीला पाहुणे बॅगा घेऊन दारात उभे असतात, तरीही नाही. पुण्याच्या एखाद्या पाहुण्याने रात्री अकराला ‘वास येतोय’ म्हटलं तर आम्ही मुकाट्याने खोली बदलून देतो. तो दोन रात्री राहून निघून जातो. माझी मुलगी तुमच्याकडे दिवसभर असायची, रविवार सोडून रोज.

आणि तुमच्याकडे काय चालतं? झड आत येते म्हणून खिडक्या बंद. काळ्या फिनेलचा हात फिरतो, पण अशा हवेत फरशी लवकर वाळत नाही. त्या वासावर रूम फ्रेशनर. कपाटात डांबरगोळ्या, झोपवताना डासांची कॉइल. आणि त्याच फरशीवर चटया. पावणेतीन वर्षांच्या पोरीचं नाक जमिनीपासून किती वर असतं, ताई? रांगणाऱ्यांचं तर त्याहून खाली. मोठं माणूस मिनिटाला 12 ते 18 श्वास घेतं, या वयाचं मूल 20 ते 30. वजनाच्या मानाने तिच्या पोटात, छातीत जे जातं ते आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. शिवाय फुफ्फुसं अजून घडतायत. त्यातले बरेचसे वायुकोश जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच तयार होतात.

मुलीला श्वासाचा त्रास झाला तेव्हा रत्नागिरीच्या डॉक्टरांनी नेब्युलायझर लावला आणि विचारलं, ‘‘दिवसा असते कुठे? तिथे पुसतात कशाने?’’ फिनेलनेच झालं असं ते म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही. पावसाळ्यात सर्दीचे विषाणू मुलांत फिरतातच. पण सर्दीने आधीच सुजलेल्या श्वासनलिकेला असला वास आणखी चिडवतो, एवढं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तेवढंच सांगायला मी तुमच्याकडे आले होते.

‘‘हे शहरी फॅड,’’ असंही तुम्ही म्हणालात. कॅनडात दोन हजारांवर बाळांच्या घरांत साफसफाईला काय काय वापरतात याची नोंद झाली होती. 2020 साली त्याचे निष्कर्ष छापून आले. ज्या घरांत बाळ तीन-चार महिन्यांचं असताना ही रसायनं जास्त वापरली जात, तिथल्या मुलांत तिसऱ्या वर्षी दम्याचं आणि घरघरीचं प्रमाण जास्त आढळलं. वासाची आणि फवाऱ्याची उत्पादनं त्यात पुढे होती. पुढे पॅरिसच्या आसपासच्या पाळणाघरांतही पाहणी झाली. जिथे दर आठवड्याला फवारे वापरत, तिथल्या मुलांत घरघर जास्त दिसली. अशा पाहण्यांतून संबंध दिसतो, गुन्हा सिद्ध होत नाही, हे मान्य. पण फवारा बंद करायला गुन्हा सिद्ध व्हावा लागतो का?

करोनात ही फवाऱ्याची सवय आपल्या अंगात भिनली. माणसांवरच औषध फवारायला लागले तेव्हा केंद्राच्या आरोग्य खात्याने एप्रिल 2020 मध्ये सांगितलं की असं करू नका, त्याने डोळे, घसा, श्वासनलिका यांना त्रास होतो. करोना गेला, तुमची बाटली राहिली.

पालकांना वास आवडतो, वास आला की स्वच्छ वाटतं, हे तुमचं म्हणणं खोटं नाही. पण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला गावातल्या मुलांसाठी काम सुरू केलं तेव्हा वस्तीतल्या अंगणात, उघड्यावर मुलं जमवली, त्यांना अंघोळी घातल्या, नखं कापली. स्वच्छतेला साबण आणि पाणी पुरलं. त्या बायांना अस्वच्छ म्हणायची कोणाची छाती आहे?

तुमची ओढाताण मला दिसते. एक मदतनीस, पोरं पंधरा-वीस, पालक फी थकवतात. पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर हवं असा कायदा 2017 पासून आहे, पण आमच्या लॉजवर एवढी माणसं कुठली? अंगणवाडी लवकर सुटते आणि माझी ड्युटी संपत नाही. म्हणजे तुमच्यावाचून माझं अडतं, आणि तुम्हाला ते माहीत आहे. म्हणूनच ते ‘घरी ठेवा’ एवढं झोंबलं.

मागणं फार नाही. रोजची फरशी आणि खेळणी साबणाच्या पाण्याने पुसून मग साध्या पाण्याचा हात फिरवा. कोणी ओकलं, जुलाब झाले, तर जंतुनाशक लागणारच. ते मापाने, तेवढ्याच जागी, मुलं पडवीत नेऊन आणि फवारा न मारता फडक्यावर घेऊन वापरा. फिनेल हवंच असेल तर सगळी मुलं गेल्यावर. कॉइलऐवजी मच्छरदाणी लावा. रूम फ्रेशनर कोणासाठी आहे ते मला अजून कळलेलं नाही.

फवारा बंद झाला तर मुलीला पुन्हा पाठवीन, ती तुमची आठवण काढते. पण मला एकटीला बोलावून समजूत घालू नका. जे काही सांगायचं असेल ते त्याच फाटकात सांगा, सगळ्या आया असताना.

आपली,
तुमच्याकडच्या एका मुलीची आई