जव्हार : ‘मिनी महाबळेश्वर’ नव्हे, राजधानी

१/ पाम, बोईसर, तारापूर परिसरात पावसाळी सहलीचा विषय निघाला की जव्हारचे नाव येतेच. मनोर, विक्रमगड मागे टाकून घाट चढायचा, दाभोसाचा धबधबा पाहायचा, जय विलास राजवाड्यासमोर छायाचित्र काढायचे आणि परतायचे. या गावाला ‘मिनी महाबळेश्वर’ म्हणतात. हे बिरुद जव्हारवर अन्याय करणारे आहे.

२/ माथेरान १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्या नजरेस पडले आणि पुढे विश्रांतिस्थान म्हणून वसले. जव्हार कोणाच्या विश्रांतीसाठी वसलेले नाही. ती महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याची राजधानी. परंपरेनुसार या राज्याला १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाची मान्यता मिळाली. १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झाले.

३/ राज्याच्या उगमाची आख्यायिका अशी : जव्हार पूर्वी एका वारली प्रमुखाकडे होते. मुकण्यांच्या मूळ पुरुषाने त्याच्याकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. होकार मिळताच कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या आणि त्यांनी सारा मुलूख वेढला. वारली प्रमुखाच्या वाट्याला गंभीरगडाचा परिसर आला.

४/ हीच युक्ती कार्थेजच्या राणी डिडोच्या कथेतही आहे. म्हणजे ही घडलेल्या घटनेची नोंद नव्हे. सत्तांतर सांगण्याची ती एक जुनी, देशोदेशी फिरलेली रीत आहे.

५/ तरीही ती मोलाची आहे. विजेत्याचे चातुर्य गाताना ही कथा एक कबुली देऊन जाते : जमीन आधी दुसऱ्याची होती. आदिवासींचे राज्य म्हणून जव्हारचा अभिमान जरूर बाळगावा. मात्र आदिवासी समाज एकजिनसी नव्हता आणि त्यातही जिंकणारे व हरणारे होते, हे विसरू नये.

६/ जमिनीचा प्रश्न कथेबरोबर संपला नाही. १९४५ मध्ये तलासरी-डहाणूच्या वारल्यांनी गोदावरी परुळेकरांच्या साथीने जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला.

७/ म्हणून जव्हारला जाणाऱ्याने जय विलास अवश्य पाहावा. तो विसाव्या शतकातला आहे, हेही ध्यानात ठेवावे. मग डहाणू तालुक्यातील गंभीरगडही पाहावा. राजवाडा कथेचा अर्धा भाग सांगतो. उरलेला अर्धा त्या गडाच्या वाटेवर आहे.