रस्ता रात्री सुरक्षित आहे की नाही, हे अ‍ॅप मोजतं तरी कसं?

रात्री क्लासवरून घरी जाताना मॅप लावला, की तो सगळ्यात कमी वेळाचा रस्ता दाखवतो. त्या रस्त्यावरचे दिवे चालू आहेत का, हे तो सांगत नाही. मुलींना मात्र आधी तेच बघावं लागतं.

महिलांची सुरक्षा आणि टेक्नॉलॉजी म्हटलं की आपल्याकडे पॅनिक बटन आठवतं. १ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये ते असावं, असा सरकारी नियम आला. स्मार्टफोनचं पॉवर बटन पटापट तीनदा दाबायचं, साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं. हे हवंच. पण ते दाबायची वेळ येते तेव्हा संकट समोर उभं असतं. आणि सगळी जबाबदारी परत त्या मुलीवरच!

दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर, २०१३ मध्ये कल्पना विश्वनाथ आणि आशिष बसू यांनी 'सेफ्टीपिन' नावाचं अ‍ॅप आणलं. त्यात मुलीला नाही, रस्त्याला मार्क मिळतात. नऊ गोष्टी बघायच्या: उजेड, मोकळी जागा, आजूबाजूच्यांची नजर, वर्दळ, पोलीस किंवा वॉचमन, फूटपाथ, बस-रिक्षाची सोय, तिथे बायका दिसतात का, आणि शेवटी, तिथे उभं राहून तुम्हाला कसं वाटतं.

यातली 'नजर' ही सगळ्यात इंटरेस्टिंग गोष्ट. उंच कंपाउंड वॉलच्या कडेचा रस्ता कितीही लख्ख असला तरी भीती वाटते, कारण तिथे काही झालं तर बघणारं कोणी नसतं. त्याच रस्त्यावर चहाची टपरी असेल तर फरक पडतो. (अतिक्रमण म्हणून ती उचलताना हा हिशोब कोण करतं?)

फक्त युजर्सच्या भरवशावर अख्खं शहर मोजून होत नाही. म्हणून गाडीच्या काचेला फोन लावून रात्री रस्त्यांचे फोटो काढले गेले आणि त्यावरून मार्क दिले गेले. दिल्लीत अशा सात हजारांहून जास्त अंधाऱ्या जागा सापडल्या. यादी सरकारकडे गेली आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी दिवे लागले.

पण गाडी जाते तिथेच कॅमेरा जातो. वस्तीतली बोळ, सार्वजनिक शौचालयाकडे जाणारी पायवाट या मॅपवर येतच नाही. तिथे कुणीतरी पायी जाऊनच बघावं लागतं.

दुसरी अडचण मला जास्त मोठी वाटते. मॅपवर एखादा भाग लाल दिसला की घरचे काय म्हणणार? "तिकडे जाऊ नकोस." म्हणजे डेटा आला आणि बंदी वाढली! मुंबईवरच्या 'व्हाय लॉयटर?' (२०११) या पुस्तकाचं म्हणणं नेमकं उलट आहे: काही काम नसतानाही बायकांना शहरात नुसतं रेंगाळता आलं पाहिजे. त्यामुळे हे मार्क मुलीच्या फोनवर पोहोचण्याआधी लाइट खात्याच्या इंजिनिअरच्या टेबलावर पोहोचायला हवेत.

अंधाऱ्या रस्त्यावर बंद दिवा दिसला तर खांबावर नंबर आहे का बघा. असेल तर फोटो आणि लोकेशनसोबत तो नंबरही महापालिकेच्या तक्रार अ‍ॅपवर टाका. "चौकाजवळचा दिवा" एवढंच लिहिलं तर कुठला खांब ते शोधण्यातच वेळ जातो.