आवाज बदलला, म्हणून?

‘नाइटविश’ आता पूर्वीचा राहिला नाही, अशी तक्रार मेटल संगीताचे रसिक वारंवार करतात. मला ती पटत नाही.

फिनलंडमधल्या किते गावी १९९६ साली तुओमास होलोपाइनेनने हा वृंद उभा केला. तार्या तुरुनेनचा ऑपेराच्या तालमीतला गळा आणि विजेच्या गिटारचा घणघणाट, असा हा जगावेगळा संसार! २००५ साली तार्याला वृंद सोडावा लागला. २००७ च्या तबकडीत आनेट ओल्झोन गायली. २०१२ पासून नेदरलंड्सची फ्लोर यान्सेन गाते. प्रत्येक वेळी ‘संपले सारे’ म्हणून हळहळणारे निघालेच.

परंतु आवाजाबरोबर विषयही बदलत होता, हे किती जणांनी ऐकले? आरंभी स्वप्ने आणि परीकथा. २०१५ साली थेट डार्विन, आणि निवेदनाला रिचर्ड डॉकिन्स! २०२० च्या जोडसंचातली दुसरी तबकडी तर सारी ऑर्केस्ट्राच्या हवाली केली. मेटलचा घणघणाट तिथे उरला नाही, आणि माझे मनही तिथे रमले नाही. २०२४ च्या ‘येस्टरविंड’मध्ये मात्र दोघांचे पुन्हा जमले आहे. ‘परफ्यूम ऑफ द टाइमलेस’ हे आठ मिनिटांहून मोठे गीत आपल्या जन्मामागे उभ्या असलेल्या असंख्य पूर्वजांविषयी आहे. एवढ्या विषयाला नुसते गिटार पुरले नसते. ऑर्केस्ट्रा इथे दागिना नव्हे, गरज आहे.

शिष्याने गुरूची हुबेहूब नक्कल केली की आपण नाक मुरडतो. मग कलावंताने जन्मभर स्वतःचीच नक्कल करावी, हा हट्ट कशासाठी?